सहावा वाचला होता

लोकांना वाटतं, पुस्तक एकदा वाचनालयाच्या कपाटात गेलं की ते कायमचं तिथलं झालं. तसं नसतं. दर काही वर्षांनी निर्लेखन होतं. फाटलेली, माहिती जुनी झालेली आणि कुणीच न नेलेली पुस्तकं दप्तरातून कमी करायची. शेवटच्या प्रकाराला आमच्याकडे नियम असा की पाच वर्षांत एकदाही देवघेव नाही, तर पुस्तक यादीत. यादी संगणक काढतो. संगणकाला दाखल क्रमांक कळतो, मालिका कळत नाही.

त्या दिवशी सकाळी ती यादी घेऊन मी फँटसी आणि सायफायच्या कपाटापाशी उभी होते. स्टीव्हन एरिक्सनच्या ‘मलाझान’ मालिकेचे दहा भाग, १९९९ ते २०११ या काळात आलेले. मालिका पूर्ण, आमचा संचही पूर्ण, आणि पूर्ण संच ही आमच्याकडे दुर्मीळ गोष्ट आहे. यादीत होते पाचवा, सातवा, आठवा, नववा आणि दहावा. सहावा वाचला होता. म्हणजे बचावला होता, कुणी वाचला नव्हता. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी तो चुकून नेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आणून दिला, तेवढ्यावर तो तरला.

नियम मोडीत काढा असं मी म्हणत नाही, जागा खरंच नाही. पण मालिकेला हा नियम लावणं म्हणजे जिन्याच्या वरच्या पायऱ्या कमी वापरल्या जातात म्हणून काढून टाकणं. कुठलीही लांबलचक मालिका उघडून मुदतचिठ्ठ्या बघा (संगणक आला तरी आम्ही शिक्का मारतो, वाचकांनाच तो हवा असतो). पहिल्या भागाची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी डकवलेली, बांधणी खिळखिळी. दुसऱ्यावर निम्मे शिक्के. चौथ्यापर्यंत चिकाटीची माणसं उरतात. शेवटचा भाग कोरा करकरीत, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. हे मी वरिष्ठांना दोनदा लेखी दिलंय. उत्तर आलं, ‘मालिका’ असा रकानाच प्रणालीत नाही.

रकाना नाही हे खरंच. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’चे चौदा भाग आमच्या संगणकात शोधलेत तर ते शीर्षकाच्या अक्षरक्रमाने येतात, सुरुवातीचे ‘अ’ आणि ‘द’ धरून. सगळ्यात वर सातवा, मग चौदावा, मग दहावा. पहिला भाग सातव्या ओळीत. चौदावा पहिला समजून घरी नेलेला वाचक मी पाहिलाय.

ही मालिका आमच्याकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचलेले एकच गृहस्थ मला माहीत आहेत. साठीच्या आसपासचे, मोजकं बोलणारे. मी त्यांना काका म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. यादी हातात असतानाच ते देवघेवीच्या टेबलाशी आले, चौदावा भाग ठेवला आणि म्हणाले, “संपली. आता पुढची कोणती?”

या प्रश्नाचा मला थोडा अभिमान आहे, म्हणजे माझ्या पद्धतीचा. काय आवडलं ते मी विचारत नाही. आवडलेल्याबद्दल सगळे सारखंच बोलतात. मी विचारते, अर्धवट काय सोडलंत आणि कितव्या भागात? पहिल्यातच सोडलं तर भाषेशी किंवा गतीशी भांडण असतं. तिसऱ्या-चौथ्यात सोडलं तर पात्रं फार झालेली असतात. शेवटच्या आधी सोडलं तर बहुधा शेवटचा भाग छापूनच आलेला नसतो.

काका म्हणाले, “ती बर्फ आणि आगीची. पाचव्यानंतर सहावा आलाच नाही.” म्हणजे जॉर्ज मार्टिनची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’, पाचवा २०११ चा. “तशी नको. ही चौदा भागांची बघा, लेखक २००७ मध्ये गेला, तरी त्याच्या टिपणांवरून दुसऱ्याने तीन भाग लिहून २०१३ ला पुरी केली. पूर्ण झालेली द्या. आणि एकच अट आणखी, माणसं शेवटपर्यंत तीच हवीत. दर वेळी नवी ओळख करून घ्यायचा आता कंटाळा येतो.”

इतकं स्वच्छ मागणं वर्षातून एखाद्याचंच असतं. बाकीच्यांना ‘तसलंच काहीतरी, पण वेगळं’ हवं असतं.

शेजारून आमच्या सहकाऱ्याने नेहमीचं उत्तर फेकलं, “प्रॅचेटचं डिस्कवर्ल्ड द्या ताई, एक्केचाळीस कादंबऱ्या, कुठूनही सुरू करा.” तो हे सगळ्यांना सांगतो. रहस्यकथा मागणाऱ्यालाही सांगतो. मुळात ‘कुठूनही सुरू करा’ हे काकांसारख्या माणसाला सांगायचंच नसतं, त्याला पहिला भाग हवा असतो.

माझ्या डोक्यात दोन उत्तरं तयार होती. एक ‘द एक्स्पान्स’, जेम्स एस. ए. कोरी या नावाआड दोघांनी मिळून लिहिलेली, २०११ ते २०२१, नऊ भाग, एक जहाज आणि त्यावरची तीच माणसं. पण आमचा चौथा भाग कुणीतरी हरवलाय. दुसरं, रॉबिन हॉबच्या सोळा कादंबऱ्या, १९९५ ते २०१७. त्या पाच गटांत आहेत, त्यातल्या तीन त्रयी एकाच माणसाच्या, पोरवयापासून उतारवयापर्यंत, मुख्यतः त्याच्याच तोंडून. मधल्या दोन गटांत तो निवेदक नसतो, तेवढं आधी सांगून ठेवावं लागतं. काकांच्या मापाचं याहून चांगलं आमच्याकडे काही नव्हतं. पाचही बोटं त्या कपाटाकडे दाखवत होती.

आणि मी म्हटलं, “मलाझान वाचलंय का?”

का म्हटलं ते तेव्हाही माहीत होतं. यादी संध्याकाळी द्यायची होती. माझ्याच नावावर पुस्तकं काढून काही होत नाही, कर्मचाऱ्यांची देवघेव या हिशेबात धरत नाहीत (हा नियम आमच्यापैकीच कुणामुळे तरी आला). काकांच्या कार्डावर सहा पुस्तकं निघतात. पहिला भाग आणि यादीतले पाच, बरोबर सहा.

“माणसं तीच राहतात ना?” त्यांनी विचारलं.

“परत येतात,” मी म्हणाले.

खोटं नव्हतं. पहिल्या भागातले काही जण दुसऱ्यात येतात, पण दुसऱ्याच खंडावर, आणि बाकीच्यांना भेटायला तिसऱ्याची वाट बघावी लागते. पाचव्यात तर प्रदेशही नवा आणि जवळजवळ सगळी माणसंही नवी. हे जग एरिक्सन आणि त्याचा मित्र एसलमाँट यांनी आधी आपसात खेळायच्या खेळासाठी उभं केलं होतं, आणि दोघेही पुरातत्त्वाचे अभ्यासक. वाचकालाही ते खणतीच्या खड्ड्यात उतरवल्यासारखं सोडून देतात, खापरं तुमची तुम्ही जुळवा. मला ते आवडतं. प्रश्न मला काय आवडतं हा नव्हता.

पुढचे पाच आत्ताच न्या, नंतर मिळतील असं नाही, असंही मी सांगितलं. तेही खरंच होतं. त्यांनी “मधले?” असं विचारलं, मी म्हटलं, “मधले इथेच आहेत, कुठे जात नाहीत.” हजार-हजार पानांचे ठोकळे. मी सुतळीने पाचांचा गठ्ठा बांधून दिला, पहिला वेगळा ठेवला. दहाव्याची चिठ्ठी पूर्ण कोरी होती. शिक्का मारताना बरं वाटलं, हे लपवत नाही. यादीतून पाच ओळी गेल्या. घरी जाताना मी जवळजवळ गाणं म्हणत होते.

विसाव्या दिवशी काका आले. गठ्ठा टेबलावर ठेवला. सुतळीची गाठ माझीच होती, तशीच. पहिल्या भागात घडी केलेले दोन फुलस्केप कागद होते, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. पुस्तकाच्या सुरुवातीला पात्रांची यादी दिलेली आहे, तरी त्यांनी आपली वेगळी केली होती: नाव, कुणाच्या बाजूचा, कुठल्या पानावर भेटला. काही नावांपुढे प्रश्नचिन्हं. एका नावापुढे ‘हाच का तो?’.

“तीनदा सुरू केली,” ते म्हणाले. चिडले नव्हते. चिडले असते तर सोपं झालं असतं. “तुम्ही वाचलीय का सगळी?”

“चौथ्यापर्यंत.”

त्यांनी मान हलवली. मग सुतळी सोडून वरचा भाग उघडला, चिठ्ठी बघितली. दुसरा उघडला. पाचही बघितले. दहाव्यापाशी थांबले.

“यावर माझाच शिक्का पहिला आहे.”

मी पुस्तकं परत घेण्यात गुंतल्यासारखं केलं. काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला अजून सुचत नाही. माफी मागावी तर कशाची, वाचनालयाचं पुस्तक वाचवल्याची? सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, पाच वर्षांची निश्चिंती झाली की.” झाली. आणि पाच वर्षांनी पुन्हा असा कोण सापडणार, हेही माझ्या मनात येऊन गेलं. ते मला जास्त लागलं.

कागदांची घडी त्यांनी खिशात घातली. टाकून दिली नाही.

मग मी हॉबचा पहिला भाग आणून दिला, ‘असॅसिन्स अप्रेंटिस’. या वेळी सगळं सांगितलं: सोळा आहेत, चौथा ते सहावा आणि दहावा ते तेरावा यांत तुमचा माणूस कथा सांगत नाही, पण गाळू नका, पुढे लागतात. त्यांनी मलपृष्ठ वाचलं, शेवटचं पान किती नंबरचं आहे ते पाहिलं.

“सगळे सोळा आहेत ना पण कपाटात?”

मी संगणकावर पाहिलं. अकरावा आणि बारावा, शेवटची देवघेव साडेचार वर्षांपूर्वी.

“आहेत,” मी म्हटलं.