२५४ पत्ते

मी या कंपनीत आयटी ऑपरेशन्स सपोर्टमध्ये रुजू झालो तेव्हा एकूण पस्तीस माणसे होती आणि सपोर्ट विभाग म्हणजे मी व माझे एक वरिष्ठ, एवढाच होता. बाणेरच्या एका इमारतीतला अर्धा मजला आमच्याकडे होता. पासवर्ड लॉक झाला किंवा प्रिंटर अडला, की लोक तिकीट (म्हणजे तक्रारीची नोंद) न टाकता सरळ खुर्चीपाशी येऊन उभे राहत, आणि आम्हालाही त्यात काही वावगे वाटत नसे.

माणसे ११० झाली त्या महिन्यातला एक सोमवार मात्र माझ्या चांगलाच लक्षात आहे. एरवी निम्मे लोक घरून काम करत. त्या दिवशी मासिक बैठकीसाठी सगळे आले होते. साडेनऊला पहिले तिकीट आले, 'नेट बंद आहे.' (आमच्याकडे व्हीपीएन तुटण्यापासून वीज जाण्यापर्यंत प्रत्येक बिघाडाचे नाव हेच असते.) दहापर्यंत अशी चौदा तिकिटे जमली, पण तक्रार करणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याचे नेट मात्र व्यवस्थित चालू असे. मी घाईने एक अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारे उपकरण) रीस्टार्ट केला आणि त्यात क्लायंटबरोबर सुरळीत चाललेली एक मीटिंग तोडली. तो दोष सर्वस्वी माझा.

शेवटी लेखा विभागातल्या एका ताईंच्या लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग ही नेटवर्कची माहिती दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली, तेव्हा १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर यंत्राची ओळख असलेला क्रमांक, दिसला. नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळाला नाही, की विंडोज असा पत्ता स्वतःच लावून घेते आणि त्यावरून इंटरनेटवर जाता येत नाही. बिघाड कोठेच नव्हता, पत्तेच संपले होते. नेटवर्क सुरुवातीच्या दिवसांत /२४ या आकाराचे आखलेले होते, म्हणजे वापरता येणारे पत्ते २५४. त्यांतले पन्नास राउटर, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसाठी राखीव असल्याने उरत होते २०४, आणि माणशी एक लॅपटॉप व एक मोबाइल धरला तरी ११० जणांना २२० लागत होते. त्यात विंडोज सर्व्हरवरची लीजची, म्हणजे दिलेला पत्ता एका यंत्राकडे राखून ठेवण्याची, मुदत मुळात असते तशी आठ दिवसांचीच राहिली होती, त्यामुळे आदल्या आठवड्यात मुलाखत देऊन गेलेल्या उमेदवारांचे फोन केव्हाच त्यांच्या घरी पोहोचले असले, तरी त्यांचे पत्ते आमच्याकडे अडकून पडले होते.

जुन्या लीज हाताने काढल्या, मुदत आठ तासांवर आणली आणि साडेअकरापर्यंत सगळे सुरळीत झाले. मोबाइल आणि पाहुण्यांसाठी वेगळे व्हीलॅन (त्याच यंत्रणेतले स्वतंत्र नेटवर्क) पुढच्या शनिवारी केले. महिन्याच्या अहवालात 'चौदा तिकिटे, दोन तासांत बंद' अशी ओळ गेली आणि तिचे कौतुकही झाले, याची मला अजून थोडी लाज वाटते, कारण किती माणसे येणार हा आकडा एचआरच्या तक्त्यात तीन महिने आधीपासून लिहिलेला होता आणि आम्ही तो फक्त लॅपटॉप मागवण्यापुरता वाचत होतो.

आता तो तक्ता आला, की त्याच्यापुढे मी मोकळे पत्ते, शिल्लक लायसन्स आणि स्विचवरची (नेटवर्कच्या केबल जिथे जोडतात त्या उपकरणावरची) रिकामी पोर्ट लिहून काढतो. येत्या एक तारखेला अठरा जण येत आहेत, त्यांच्या भागात दोन नवे अ‍ॅक्सेस पॉइंट बसवायचे आहेत आणि तिथल्या स्विचवर एकच पोर्ट मोकळे आहे. नव्या स्विचची मागणी पाठवली, तर खरेदी विभागाने विचारले, 'सगळे तर वायफायच वापरतात ना?' अ‍ॅक्सेस पॉइंटलाही केबल लागते, हे समजावणारे उत्तर मी आज दुपारी पाठवले आहे.