तुम्ही विचारलंत म्हणून : मतदार यादी घेऊन घरोघर का फिरते?

"ताई, तुम्ही कुठल्या पक्षाच्या? की सरकार काही देतं?" मतदार यादी हातात घेऊन वाडीवाडीत गेले की सावंतवाडी तालुक्यातल्या आमच्या आरोंद्यात हा प्रश्न हटकून येतो. पक्ष नाही, मानधनही नाही. यादी बघायला नेमलेले बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, त्यांचं काम करतातच. मी एवढंच बघते, की लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्याच यादीत तर राहिलेलं नाही ना. राहिलं असेल तर तिथेच ओटीवर बसून नमुना ८, म्हणजे पत्ता बदलण्याचा अर्ज, भरून घेते.

याचं मूळ माझ्या आजीत आहे. तिचं माहेर तेरेखोल खाडीच्या पलीकडे, गोव्यातल्या पेडण्यात. सासर अलीकडे, आरोंद्यात. सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं आणि काल-परवापर्यंत राजाची प्रजा असलेली ही बाई स्वतंत्र देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार झाली. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी ती निवडणूक चालली. मतदार सतरा कोटींवर, साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह : कुणाची बैलजोडी, कुणाचं वडाचं झाड, कुणाची झोपडी. शिक्का नव्हताच. रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. लोकसभेची एक, विधानसभेची एक. या लोखंडी पेट्या लाखांनी घडवल्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याने.

उमेदवार कोण होते, ते आजीला पुढे आठवत नसे. (वर कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, चिंतामणराव देशमुख, देशाचे अर्थमंत्री, निवडून आले होते.) तिच्या लक्षात राहिलं ते वेगळंच. "थंय माका कोणीच इचारूक नाय, तू कोणाची म्हणान. माझा नाव इचारल्यानी." गावात ती अमक्याची सून, तमक्याची आई. परक्या माणसांसमोर स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची वेळ तिच्यावर त्याआधी आली नसावी.

हे किती मोठं होतं, ते मला पुढे वाचताना कळलं. उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी यादीसाठी नाव सांगितलंच नव्हतं, फक्त अमक्याची बायको, तमक्याची मुलगी. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले : स्वतःचं नाव हवंच. जवळजवळ २८ लाख बायकांची नावं त्यामुळे कापली गेली. फार ओरड झाली. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका नाव सांगू लागतील, हा सेन यांचा हिशेब होता. मला तो निर्णय कठोर वाटतो आणि बरोबरही वाटतो. तरी त्या २८ लाखांचं पहिलं मत गेलं ते गेलंच. आज साध्या पत्त्याच्या बदलापायी एखाद्या सुनेचं मत वाया जाताना दिसलं की मला राहवत नाही.

आणि खाडीपलीकडे? तिथे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची राजवट. आजी मत देऊन आली तेव्हा तिच्या थोरल्या भावाला, होडीने जेमतेम काही मिनिटांवर राहणाऱ्या माणसाला, असलं मत म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. १९५५ साली भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि ये-जाही अवघड झाली. सणासुदीला आजी धक्क्यावर जाऊन पलीकडे बघत उभी राहायची, असं माझी आई सांगते.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३मध्ये तिथे पहिली विधानसभा निवडणूक लागली, ज्यातून भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. तोवर आजीची १९५२, १९५७ आणि १९६२ अशी तीन मतदानं झाली होती आणि वेगवेगळ्या पेट्यांऐवजी मतपत्रिकेवर शिक्का आला होता. मतदानाच्या आधी ती होडीने माहेरी गेली. पडवीत बसून तिने भावाला, वहिनीला आणि शेजारच्या चार बायकांना जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दाखवलं, शिक्का कुठे मारायचा, आणि शाई दुसरीकडे उमटू नये म्हणून घडी कशी घालायची. वहिनीकडून तिने ते दोनदा करून घेतलं.