घरच्या भांडणातला पाहुणा

गेल्या शनिवारी मी अटलांटातल्या एका सलूनमध्ये तोंडघशी पडलो. मी केस कापायला गेलो नव्हतो. ऑफिसातल्या मित्राची गाडी गॅरेजला होती, म्हणून त्याला सोडायला वेस्ट एंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत गेलो. "आत ये, पाच मिनिटं," तो म्हणाला. ती पाच मिनिटं दोन तासांची निघाली. आपल्या गावच्या सलूनमध्ये जसा एकच पेपर दहा जण वाचतात आणि राजकारणाचा कीस पाडतात, तसंच डिट्टो. फक्त भिंतीवर लक्ष्मीच्या कॅलेंडरऐवजी मार्टिन ल्यूथर किंग, ओबामा आणि मेनार्ड जॅक्सन, १९७३ साली निवडून आलेले या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर.

सत्तरी ओलांडलेले मालक एका विशीतल्या पोराला सोलून काढत होते. पोराची पँट कमरेच्या वीतभर खाली, आणि नोकरीच्या मुलाखतीला तो उशिरा पोचला होता. "गोऱ्यांनी येऊन ओढली का रे तुझी पँट खाली? घड्याळ पण त्यांनीच मागे केलं?" सगळे खिदळले. मग गाडी घसरली बिल कॉस्बीवर, पुढे लैंगिक अत्याचाराच्या आरोपांत अडकलेल्या कृष्णवर्णीय विनोदी नटावर. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालाला २००४ साली पन्नास वर्षं झाली, त्या समारंभात कॉस्बीने आपल्याच गरीब आईबापांना झापलं होतं: पोरांना पाचशे डॉलरचे बूट घेता, वाचायला शिकवायला पैसे नसतात. "खरंच बोलला," एक म्हणाला. "आणि स्वतः काय दिवे लावले!" दुसरा. ओबामांनी २००८ च्या फादर्स डेला शिकागोच्या चर्चमध्ये घर सोडून गेलेल्या बापांना सुनावलं होतं, तेही निघालं.

मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. नऊ वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा पहिल्या आठवड्यातच आपल्या मंडळींनी कानमंत्र दिला होता: अमुक रस्त्याच्या पलीकडे घर बघू नकोस, 'त्यांची' वस्ती आहे, कष्ट नकोत, सरकारी पैशावर जगतात. आणि इथे तर ते स्वतःच कबूल करत होते! मी उत्साहाने म्हणालो, "अगदी बरोबर. माझे वडीलही हेच म्हणायचे. रडायचं नाही, अभ्यास करायचा. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो होतो."

कात्रीचा आवाज थांबला. आजोबा शांतपणे म्हणाले, "बेटा, हे आमचं घरातलं भांडण आहे. तू पाहुणा आहेस. कॉफी घे."

मी कॉफी घेतली. ती कडू होती, हेही सांगून ठेवतो.

मग, बहुधा माझा चेहरा पाहून, त्यांनी एक गोष्ट सांगितली. ते दहा वर्षांचे असताना, डिसेंबर १९६२ मध्ये, याच शहरातल्या कॅस्केड हाइट्स वस्तीत एका कृष्णवर्णीय डॉक्टरने घर घ्यायचं ठरवलं, तर महापौरांनी पेटन रोडवर चक्क अडसर उभे केले. पलीकडे गोऱ्यांची घरं, अलीकडे हे. पुढच्या मार्चमध्ये कोर्टाने ते काढायला लावले. "अडसर निघाले, मग गोरे निघाले," आजोबा म्हणाले, आणि परत त्या पोराकडे वळले: "म्हणून काय, तू पँट वर घेणार नाहीस?"

एकाच श्वासात दोन्ही. मला दोन्ही एकत्र धरता येत नव्हतं, त्यांना येत होतं. खरं तर हा वाद या शहरात मुरलेला आहे. आपलं मंडळ ज्या पीडमाँट पार्कात सहलीला जातं, तिथेच १८९५ साली बुकर टी. वॉशिंग्टन म्हणाले होते की आधी हातात कसब येऊ द्या, समान हक्कांसाठी आरडाओरडा नको. पुढे याच शहरात प्राध्यापक असलेल्या डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी त्यांना जाहीर विरोध केला. आम्ही तिथे भेळ खातो.

परतताना गाडीत मित्र एवढंच म्हणाला की १९६५ पर्यंत अमेरिकेत स्थायिक व्हायला येणाऱ्यांसाठी भारताचा कोटा वर्षाला शंभर माणसांचा होता. तो ज्या वर्षांत उठला, ती वर्षं कुणी गाजवली ते बघ, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने. मला राग आला. माझ्या बाबांनी पीएफमधून कर्ज काढलं होतं, ते कोण मोजणार? मी कुणाचं काही हिसकावून आलेलो नाही. पण व्हिसाच्या चाळणीतून फक्त इंजिनिअर खाली पडतात आणि आपण म्हणतो, बघा आमचा समाज कसा हुशार, हेही मनात आलंच.

रात्री झोप लागेना. हॉस्टेलवरचा माझा रूम पार्टनर आठवला. राखीव जागेवर आलेला. आम्ही त्यांना 'सरकारचे जावई' म्हणायचो, हसत हसत, त्याच्यासमोर. त्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता. त्याच बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला आपल्या लोकांना खडसावलं होतं: मेलेल्या ढोराचं मांस सोडा, बायांनो, नीटनेटक्या राहा, जात दाखवणारे ते दागिने टाकून द्या. ते त्यांनी म्हणावं. तेच आमच्या वाड्यातल्या कुणी म्हटलं असतं तर? आईने पाठीत धपाटा घातला तर आपण खातो, शेजारीण हात उगारते तेव्हा भांडण होतं.

त्या पार्टनरला मी अजून मेसेज केलेला नाही. इतक्या वर्षांनी काय लिहायचं?

रविवारी मराठी ग्रुपवर कुणीतरी पेट्रोल पंपावरच्या चोरीचा व्हिडिओ टाकला. खाली ओळ: 'हेच लोक.' मी तीन ओळी टाइप केल्या आणि पुसल्या. टाकणारा माणूस वाईट नाही. माझी आई इथे आजारी पडली तेव्हा रात्री दोनला गाडी घेऊन तोच आला होता.

ग्रुप आठ तासांसाठी म्यूट केला.