वाटणात खोबरं किती

शनिवार, रात्री

मसाला झाला. डोकं ठणकतंय, केसांत दगडफुलाचा वास बसलाय आणि करी रोड ते भांडुप आमच्या पिशव्यांपायी बायकांचा अख्खा डबा शिंकत आला. समोरच्या एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "लालबाग ना?" मग घाटकोपरला उतरेपर्यंत त्यांनी आमच्या मसाल्याची पूर्ण चौकशी केली. त्यांच्यात बडीशेप दुप्पट पडते. काकीला ते अजिबात पटलं नाही, पण परक्या बाईशी वाद नको म्हणून गप्प बसली. सगळा राग भांडुपला उतरल्यावर रिक्षात काढला.

यंदा धाकटी वहिनी पहिल्यांदाच आली होती. ती जळगावची. तिच्या माहेरी काळा मसाला घरीच होतो, त्यामुळे भाजणी-कुटणीचं तिला नवल नव्हतं. नवल वाटलं ते काकीच्या मिरची घेण्याचं. काकी मिरची हातात घेते, कानाशी नेऊन हलवते, मोडते, हुंगते आणि दुकानदाराकडे न बघता पोत्यात परत टाकते. बी खुळखुळलं नाही तर मिरचीत ओल आहे, डंकात चिकटणार. बेडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी जिभेला, असं तिचं ठरलेलं आहे. काश्मिरी कुणी पुढे केली की ती "हाटेलवाल्यांसाठी" म्हणून बाजूला सारते. ह्यात मी काकीच्या बाजूची आहे. हल्ली मालवणी म्हणून जे ताटात येतं ते इतकं लालभडक असतं की त्यात धण्याची चव शोधावी लागते.

एक किलो मिरचीला अर्धा किलो धणे, एवढंच आमच्याकडे पक्कं. पुढचं सगळं, बादियान, नागकेशर, शहाजिरं, जायपत्री, मसाला वेलची, खसखस, हळकुंड, हे काकी मुठीने नाहीतर चिमटीने सांगते आणि दुकानातला मुलगा मुकाट्याने त्याचे ग्रॅम करतो. वहिनीने प्रत्येक पुडीचं वजन मोबाईलमध्ये टिपून घेतलं. काकी म्हणाली, "लिव्ह हां, पण माझ्या नाकाचा काय लिवतलंस?"

भाजताना दगडफूल शेवटी, मंद आचेवर, कारण ते करपलं की सगळा मसाला कडू. हळकुंड आणि हिंग तेलात तळून. डंकाखालून आलेला मसाला चाळायचा, चाळणीत राहिलेली भरड परत डंकात. बरणी भरून वर हिंगाचे खडे ठेवले. आता पाऊस आला तरी चालेल.

रविवार

आज आत्या वसईहून आली. काकी, आई, वहिनी, सगळ्या आमच्याकडे. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या करायचं ठरलं होतं, आणि वहिनीने घरातल्या पाककृती एका वहीत उतरवायला घ्यायच्या असंही. तिची लेक जूनमध्ये पुण्याला शिकायला जातेय, खोली घेऊन राहणार. तिला "अंदाजाने" हा शब्द चालत नाही. तिच्या आईलाही नाही. वहिनी केकसाठी घेतलेला वजनकाटा पर्समध्ये घालूनच आली होती.

तर काट्यावर आधी मुठी मोजल्या गेल्या. काकीची मूठभर धणे तीस ग्रॅम. आत्याची वीस. आत्याने लगेच परत मूठ भरली, जरा जास्त. आईने मोजू दिलं नाही.

वाटाणे रात्रीच भिजवले होते, सकाळी मीठ घालून शिजवले. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. मग वाटण. कांदा, लसूण, आलं, धणे, दोन लवंगा आणि खोबरं. खोबरं किती?

आत्या म्हणाली, अर्धा नारळ, भाजून, काळपट होईपर्यंत. तिची आई, म्हणजे माझी आजी, असंच करायची. काकी म्हणाली, काहीतरीच. आजीच्या वाटणात कांदा जास्त, निदान तीन मोठे, आणि खोबरं नुसतं वाटीभर. "वन्सं, तुमी तेव्हा सासरी होतात."

"तू ह्या घरात येवच्या आधीची गजाल सांगतंय मी," आत्या म्हणाली.

आईने दोघींचं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली की डाळंही असायचं. भाजून वाटलेलं. त्यावर दोघी एकदम तिच्याकडे वळल्या. डाळं? मालवणी वाटणात? आई गप्प झाली आणि आंबोळ्यांचं पीठ ढवळायला उठली. ते आधीच ढवळलेलं होतं.

शेवटी सांबार काकीच्या हातचं झालं, कारण कालथा तिच्या हातात होता. चांगलं झालं. आत्याने दोनदा वाढून घेतलं आणि खोबरं कमी पडलंय हे दोन्ही वेळा सांगितलं.

वहीत वहिनीने लिहिलं: खोबरं, आणि पुढे जागा रिकामी सोडली.

मंगळवार

काल आणि आज आईला विचारत बसले. सरळ विचारलं की ती सांगत नाही. भाजी निवडता निवडता विचारावं लागतं, तेही तिच्याकडे न बघता. आज गवार होती, त्यामुळे वेळ भरपूर मिळाला.

ऐकलं ते जमेल तसं जुळवून लिहिते.

आत्याचं लग्न १९७० साली झालं. तोवर परळच्या चाळीत गावचे नारळ यायचे. आमच्या घरचे माड होते, सामाईक. मे महिन्यात गावाला गेलेलं कुणीही परत येताना बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचं ते नारळाची गोण घेऊनच, सोबत आमसुलं आणि कुळीथ. नारळ विकत आणायचा असतो हे आत्याला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. त्या घरात सांबाराला अर्धा नारळ पडत असणार, त्यात काही शंका नाही.

मग गावाला वाटण्या झाल्या आणि माड चुलत्यांकडे गेले. इकडे आजीने खानावळ सुरू केली. गिरणगावात गावकीच्या खोल्या असायच्या, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे, कुटुंब गावाला ठेवून आलेले बापये. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या बायका चाळीचाळीत होत्या. आजीकडे साळखात्यातले, म्हणजे गिरणीत मागावर विणकाम करणारे जेवायचे, पैसे पगाराला. महिनाभराचं सामान वाण्याकडून उधारीवर. अशाच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आजीच्या मजल्यावरच्या दोघी त्यात गेल्या. आजी गेली नाही, तिला सही करायची भीती वाटायची.

काकी लग्न होऊन आली १९७६ साली, या खानावळीच्या टोपाशी. एवढ्या माणसांच्या सांबाराला अर्धा नारळ काय, दोन घातले तरी दिसणार नाहीत, आणि दोन घालायचे तर खानावळ बुडणार. म्हणून कांदा. कांदा खरपूस भाजला की रस्स्याला रंग येतो, गोडी येते, दाटपणाही येतो. काकी म्हणते तीन कांदे आणि वाटीभर खोबरं, ते तिने डोळ्यांनी बघितलेलं आहे. १९८० च्या सुमारास काकांना बेस्टमध्ये कंडक्टरची नोकरी लागली आणि ती दोघं कुर्ल्याला गेली.

आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला.

मी तेव्हा दुसरीत होते. संपाबद्दल पुष्कळ लिहिलं-बोललं गेलंय, अडीच लाख कामगार वगैरे. आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला की बाबांचा पगार थांबला आणि त्याच महिन्यात खानावळही बसली, कारण जेवणारेही गिरणीतलेच. काही गावाला निघून गेले. काही इथेच राहिले, जेवले आणि पैसे पुढच्या महिन्यावर टाकत गेले. आजीने कुणाला ताटावरून उठवलं नाही. वाण्याने मात्र वही मिटली.

"मग डाळं," आई म्हणाली. एवढंच. शेंगेची शीर ओढून काढली आणि पुढची शेंग घेतली.

डाळं स्वस्त. दोन चमचे भाजून कांद्याबरोबर पाट्यावर वाटलं की रस्सा दाटतो, खोबरं नाही हे लगेच कळत नाही. नारळ फुटायचा तो देवाला, आणि मग तोच पुरवायचा. पहिल्या दिवशी खोवून भाजीवर. उरलेल्याचा रस काढून कढी. तोच चोथा परत पाणी घालून पिळायचा, परत कढी. तिसऱ्यांदा पिळलं की जे निघतं त्याला आई अजूनही "धुवण" म्हणते. त्यानंतर फुटी कढी, म्हणजे नुसतं आमसुलाचं पाणी, वर लसूण-हिरवी मिरची ठेचून आणि कोथिंबीर. मला ती सोलकढीपेक्षा आवडायची. आजही आवडते. माझ्या मुलांना मी ती उन्हाळ्यात हौसेने करून देते, आणि आई समोर असली की ती पीत नाही. पोट भरलंय म्हणते. आज पहिल्यांदा मला त्याचं कारण समजलं असं वाटलं, पण तिला विचारलं नाही.

मसाल्यातून त्या वर्षी खसखस गेली, नागकेशर गेलं. किसमूर व्हायची ती सुक्या बांगड्याची, खोबऱ्याऐवजी कांदा घालून. काळे वाटाणे मात्र आठवड्यातून तीन-चारदा असायचे. आता जे सांबार आम्ही पाहुण्यांना बोलावून घालतो, ते खाऊन मी तेव्हा रडले आहे, "परत तेच?" म्हणून.

तीनही जणी खरं बोलताहेत. एकाच बाईच्या हातचं वाटण, प्रत्येकीने वेगळ्या साली खाल्लेलं.

आणि मग १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. गणपतीला कुडाळहून येताना चुलत्यांकडचे नारळ परत येऊ लागले, आता प्रेमाची भेट म्हणून. आजी तेव्हा होती. तिने हात परत सैल केला की नाही, हे आईला आठवत नाही. आठवत नाही म्हणाली, पण ज्या पद्धतीने म्हणाली त्यावरून मला वाटतं, नसावा केला. माझ्या आठवणीतलं आजीचं सांबार पातळसर आणि कांद्याचं आहे.

शुक्रवार

वहिनीशी फोनवर बोलले. वही अशी लावायची ठरलीय: सांबाराचं पान एक नाही, तीन. पहिल्यावर "१९७० पर्यंत, घरचे नारळ", दुसऱ्यावर "खानावळ", तिसऱ्यावर "संप". प्रत्येकाखाली ग्रॅममध्ये मापं. धण्याची मूठ काकीची धरायची की आत्याची, यावर तिने दोघींची सरासरी काढली आहे, पंचवीस ग्रॅम. हे दोघींनाही सांगायचं नाही असं आमचं ठरलंय.

तिने विचारलं, तिच्या माहेरची शेवभाजी घातली तर चालेल का? मी म्हटलं, चालेल काय, घालच. काळा मसाला आमच्याकडे गेली बारा-पंधरा वर्षं दिवाळीच्या फराळासोबत जळगावहून येतोच आहे आणि काकी तो गुपचूप अंड्याच्या रश्श्यात घालते. तिला विचारलं तर नाही म्हणेल.

आत्याला पान वाचून दाखवलं. तिला स्वतःचं पान पहिलं आहे याचा आनंद झाला. बाकीची दोन ऐकून थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, संपाच्या वर्षी ती भाऊबीजेला आली होती आणि आजीने तिला कोंबडी-वडे घातले होते, सोबत नारळाच्या रसातली सोलकढी, चांगली दाट. तिला वाटलं होतं, संप असला तरी माहेरचं बरं चाललंय. मग तिने मसाला पाठवशील ना म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

काकीचं म्हणणं वेगळंच. खानावळीच्या पानावर तिचं नाव नको. तिच्या सुनेने, म्हणजे वहिनीनेच, लिहिताना खाली "सांगणार: काकी" असं घातलं होतं. "लोकांक वाटतलां मी खोबऱ्यात हात आखडतंय." मी सांगितलं की तो हात आजीचा होता. ते तिला मान्य नाही, कारण आजीबद्दल असं लिहिणं तर आणखीच वाईट. सध्या त्या पानावर कुणाचंच नाव नाही.

राहिली आई. संपाचं पान तिला संध्याकाळी दाखवलं. चष्मा लावून सगळं वाचलं. डाळ्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, हे कशाला, पोरगी पुण्यात मैत्रिणींना दाखवेल, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, खोड. मी म्हटलं, चव चांगली लागते, मी परवा करून बघितलं. त्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की पुढचं बोलणंच खुंटलं.

रात्री जेवणानंतर तिने स्वतःच वही मागितली. ओळ ठेवायला तयार झाली, पण खाली आणखी एक लिहायच्या अटीवर. सांगितलं तिने, लिहिलं मी: घरात नारळ असेल तर डाळं घालू नये.