जावास्क्रिप्टची नोंद: रन करण्याआधी उत्तर लिहा

जावास्क्रिप्ट या वेबपेजच्या प्रोग्रामिंग भाषेत बनवलेलं माझं पुस्तकांच्या यादीचं वेबपेज आता चालायला लागलंय. पुस्तकाचं नाव टाकायचं, पानांची संख्या टाकायची, बटण दाबायचं. खाली एक ओळ वाढते आणि वर एकूण पानं दिसतात. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला तरी यादी जशीच्या तशी असते. जावास्क्रिप्ट नुकतीच सुरू केलेल्यांना यातलं काय लवकर उपयोगी पडेल, ते मांडते.

सामान फार लागत नाही. एक ब्राउझर, एक साधा टेक्स्ट एडिटर आणि एफ१२ दाबल्यावर उघडणारा कन्सोल, म्हणजे कोड चालवून उत्तर दाखवणारी ब्राउझरमधली खिडकी. रिअ‍ॅक्टसारखी फ्रेमवर्क्स (तयार कोडचे सांगाडे) मी मुद्दाम बाजूला ठेवली आहेत. भाषा हातात बसण्याआधी फ्रेमवर्क घेतलं की एरर आली तर ती भाषेची की फ्रेमवर्कची, हेच कळत नाही.

सगळ्यात जास्त फायदा एका सवयीचा झाला. कोड रन करण्याआधी, त्याचं उत्तर काय येईल ते कागदावर लिहायचं. मगच एंटर. उत्तर जुळलं तर पुढे जायचं; नाही जुळलं तर तिथेच थांबून का ते शोधायचं. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पण कागदावर उत्तर लिहायची वेळ आली की नेमकं काय कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं. माझ्या मते लवकर शिकण्याचा याहून जवळचा रस्ता नाही.

याच यादीतलं उदाहरण घ्या. एका पुस्तकाची १२० पानं, दुसऱ्याची ८०. इनपुटमधून दोन्ही आकडे घेऊन बेरीज केली तर किती? २०० लिहाल. कन्सोल १२०८० दाखवतो. इनपुटच्या व्हॅल्यूमधून जे येतं ते नेहमी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असतं, चौकटीचा प्रकार 'नंबर' ठेवला तरीही. आणि स्ट्रिंग असली की अधिकचं चिन्ह बेरीज न करता जोडणी करतं. 'नंबर' फंक्शनमधून काढलं की २०० येतात. गंमत म्हणजे वजाबाकी केली असती तर ४० हे बरोबर उत्तर मिळालं असतं, कारण वजाबाकीच्या वेळी जावास्क्रिप्ट स्ट्रिंगचा आकडा स्वतःच करून घेते. म्हणून एखादं उत्तर बरोबर आलं तरी ते का बरोबर आलं, हे बघायचं.

पुढची पायरी क्रम लावण्याची. ९५, २१० आणि १२०० हे खरेखुरे आकडे असलेला अ‍ॅरे (मूल्यांची यादी) घ्या, त्यावर नुसतं 'सॉर्ट' चालवा. क्रम येतो १२००, २१०, ९५. काही सांगितलं नाही तर सॉर्ट प्रत्येक गोष्टीला स्ट्रिंग समजून तुलना करतो. १ हा २ च्या आधी आणि २ हा ९ च्या आधी. दोन आकड्यांची वजाबाकी परत करणारं छोटं फंक्शन त्याला दिलं की क्रम नीट लागतो.

यादी टिकवण्यासाठी लोकल स्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधली साठवणीची जागा, वापरलीय. तिथेही फक्त स्ट्रिंगच मावते, त्यामुळे ठेवताना जेसनच्या (माहिती मजकुरात लिहिण्याची पद्धत) 'स्ट्रिंगिफाय'मधून आणि काढताना 'पार्स'मधून न्यावं लागतं. पुस्तकाचं नाव पेजवर दाखवायला मी इनर एचटीएमएलऐवजी टेक्स्ट कंटेंट वापरते. म्हणजे कोणी नावात टॅग, म्हणजे पेजचा कोड, लिहिला तर तो नुसता मजकूर म्हणून दिसतो, चालत नाही.

या भाषेत असे कोपरे का राहिले, याला इतिहास आहे. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर कंपनीत १९९५ साली तिचं पहिलं रूप अवघ्या दहा दिवसांत उभं केलं. नंतर जगभरची वेबपेजेस तिच्यावर उभी राहिली, आणि जुनी पेजेस मोडू नयेत म्हणून जुनं वागणं तसंच ठेवावं लागलं. 'टाइपऑफ नल', म्हणजे 'काहीच नाही'चा प्रकार कोणता, असं विचारलं तर आजही 'ऑब्जेक्ट' हेच उत्तर मिळतं. नवं चांगलं ते शेजारी येऊन बसलं: व्हेरिएबल जाहीर करायचे 'लेट' आणि 'कॉन्स्ट' हे शब्द २०१५ च्या आवृत्तीत आले. त्यामुळे एखाद्या धड्यात सगळीकडे त्याच कामाचा जुना शब्द 'व्हार' दिसला तर तो धडा जुना आहे असं समजून दुसरा शोधावा. तुलनेसाठी दोन नाही, तीन बरोबर चिन्हं (===) वापरायची, हेही पहिल्याच आठवड्यात हाताला लावून घ्या.

आता प्रॉमिस, म्हणजे नंतर मिळणाऱ्या उत्तराची हमी, शिकायला सुरू केलेत. तुमच्यासाठी हे एक कोडं: पहिल्या ओळीत कन्सोलवर १ छापा. मग सेट टाइमआउट (टायमर) लावा, शून्य मिलिसेकंदांचा, त्यात २ छापा. मग आधीच रिझॉल्व्ह (पूर्ण) झालेल्या प्रॉमिसच्या 'देन'मध्ये ३ छापा. शेवटच्या ओळीत ४. क्रम कागदावर लिहा आणि मग रन करा. १, ४, ३, २ येतं. सरळ चालणारा कोड आधी संपतो, मग प्रॉमिसची रांग, आणि टायमरची पाळी त्यानंतर. प्रॉमिस आणि टायमर यांच्या जागा बदलून पाहिलं तरी क्रम तोच राहतो. आता याच रांगेत 'असिंक' फंक्शनमधला, प्रॉमिसची वाट पाहणारा 'अवेट' कुठे बसतो, ते तपासतेय.