फवारणीच्या हंगामाआधी रक्त तपासून घेतलं: माझा अनुभव

किनाऱ्यालगतच्या बागेत फवारणी करणाऱ्या माणसाला घाम फुटला, डोकं ठणकलं, पोटात ढवळलं की सगळे म्हणतात, ऊन लागलं. त्याला सावलीत बसवतात, पाणी देतात आणि थोडं बरं वाटलं की तो पुन्हा पंप पाठीवर घेतो. दमट हवेत ऊन लागतंच. पण ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात गेलं तरी सुरुवात अशीच होते. मॅलेथिऑन, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही सगळी त्याच गटातली. उन्हाने तोंडाला कोरड पडते, विषाने लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, बाहुल्या बारीक होतात. भर कामात कोण कोणाच्या बाहुल्या बघत बसणार? म्हणून आम्ही फवारणीवाल्यांनी रक्ततपासणीचा आग्रह धरला.

या औषधांनी कोलिनएस्टरेज नावाचं शरीरातलं विकर (एन्झाइम) निकामी होतं. ते नीट चालेनासं झालं की नसांचा स्नायूंना जाणारा इशारा थांबतच नाही. स्नायू फडफडतात, छातीत पाणी साठल्यासारखं होतं आणि पुढे श्वासच अडतो. रक्तात हे विकर किती काम करतंय ते मोजता येतं. मात्र निरोगी माणसांतही त्याचं प्रमाण एकाचं एक, दुसऱ्याचं भलतंच असतं. त्यामुळे एखाद्याचं विकर खूप घसरलं तरी अहवालात ‘नॉर्मल’ असं छापून येऊ शकतं. स्वतःची मूळ पातळी हातात नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लागत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेचा जीव इथेच आहे.

मूळ पातळीचं रक्त द्यायच्या आधी किमान ३० दिवस या औषधांशी संबंध आलेला नसावा लागतो. आमच्यातले निम्मे जण फवारणी नसते तेव्हा मासेमारीच्या होड्यांवर असतात. होडीवरून परतलेल्यांचं रक्त पहिल्याच दिवशी, पंपाला हात लावण्याआधी घ्यायचं ठरलं. बागेतच राबणाऱ्यांसाठी मात्र थांबावं लागलं आणि त्यावरून बरीच कुरकुर झाली. नमुना बर्फावर ठेवून न्यायचा आणि दरवेळी त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने तपासायचा, या दोन गोष्टी आम्ही सोडल्या नाहीत. पद्धत बदलली की आकडेही बदलतात, मग तुलना कशाची करणार?

तपासणी दोन प्रकारची असते. प्लाझ्मातलं, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवातलं, विकर लवकर खाली येतं आणि काही आठवड्यांत वर चढतं, पण यकृताच्या आजारानेही ते घटतं. तांबड्या पेशींतलं विकर नसांतल्या स्थितीचा जास्त खरा अंदाज देतं. आम्ही दोन्ही करून घेतल्या.

आकडा किती खाली आला म्हणजे काय करायचं, याचे ठोकताळे आम्ही कॅलिफोर्नियाच्या नियमांतून घेतले. तिथे फवारणी करणाऱ्यांची ही तपासणी १९७४ पासून सक्तीची आहे. मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली गेलं की कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतलं ७० टक्के किंवा त्याखाली, नाहीतर प्लाझ्मातलं ६० टक्के किंवा त्याखाली गेलं, की माणसाला या औषधांपासून दूर करायचं. पुन्हा ८० टक्क्यांवर आल्याशिवाय परत घ्यायचं नाही.

यापेक्षा मोठी लढाई झाली ती मजुरीवरून. फवारणीतून काढलेल्या माणसाला दुसरं काम त्याच मजुरीवर मिळेल, हे आम्ही रक्त देण्याआधीच कागदावर लिहून घेतलं. ते नसतं तर कोणीही तपासणीला आलं नसतं, किंवा आला असता तर त्रास लपवला असता. शेतीतल्या सुरक्षेबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००१ चा १८४ क्रमांकाचा करारही हेच सांगतो. गंभीर धोका समोर दिसत असताना कामावरून दूर होणं हा कामगाराचा हक्क आहे आणि त्यापायी त्याचं नुकसान होता कामा नये. हा मुद्दा मी मालकासमोर वाचून दाखवला.

हंगाम ऐन भरात असताना माझा अहवाल आला. तांबड्या पेशींतलं विकर मूळ पातळीच्या ६६ टक्क्यांवर आलं होतं. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत ते बसत होतं, म्हणून खाली कसलाही शेरा नव्हता. मला थोडा थकवा आणि रात्रीची झोपमोड यापलीकडे काही जाणवत नव्हतं. मूळ आकडा नसता तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत असतो. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

मग कारण शोधायला बसलो. हातमोजे नायट्राइलचे होते, औषध कालवताना एप्रन आणि चष्मा होता. वरच्या फांद्यांवर मारताना बाही मोज्याच्या आत घालून मोज्याची कड दुमडत होतो, म्हणजे ओघळ कोपराकडे येत नाही. शेवटी पंपाच्या झाकणाचा वायसर झिजलेला सापडला. वाकलं की औषध पाठीवरून कमरेखाली झिरपायचं, आणि घामाने कपडे आधीच भिजलेले असल्यामुळे ते वेगळं जाणवायचं नाही. हाताच्या कातडीपेक्षा कपाळाची कातडी औषध जास्त शोषते आणि जांघेतली तर कितीतरी जास्त. सगळ्या पंपांचे वायसर बदलले. आता पंप आधी साध्या पाण्याने भरून, वाकून, पाठ कोरडी राहते का ते पाहतो आणि मगच औषध ओततो.

परत चढायला वेळ लागतो. बिघडलेलं विकर तांबड्या पेशीत दुरुस्त होत नाही, नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात, म्हणून वाढ दिवसाला साधारण १ टक्का एवढीच. त्या काळात मी छाटणी आणि पाणी देण्याचं काम केलं. मजुरी ठरल्याप्रमाणे मिळाली. लवकर बरं व्हायला एखादी गोळी मिळेल का, असं डॉक्टरांना विचारलं होतं. अॅट्रोपिन हे विषबाधा झालेल्या रुग्णाला रुग्णालयात द्यायचं औषध आहे, ते खिशात ठेवून फवारणीला जायचं नसतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

या काळात खाडीत शिंपले वेचणाऱ्या बायकांशी बोलणं झालं. दुपारचा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, पण पहाटे तो बऱ्याचदा उलटा असतो आणि बागेतले तुषार थेट त्यांच्याकडे जातात. शिवाय ही औषधं कोळंबी-खेकड्यांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतात. आता फवारणीच्या आदल्या दिवशी त्यांना निरोप जातो आणि वारा खाडीकडे असेल तर फवारणी पुढे ढकलतो. त्यांचं रक्त मात्र अजून कोणी तपासत नाही. पुढच्या हंगामासाठी आम्ही त्यांची नावंही यादीत घातली आहेत.

एक मर्यादा सांगायलाच हवी. ही तपासणी ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोनच गटांसाठी आहे. कार्बामेटचा परिणाम काही तासांत उतरतो, म्हणून रक्त उशिरा घेतलं तर त्यात काही सापडत नाही. पायरेथ्रॉइड किंवा निओनिकोटिनॉइड या दुसऱ्या गटांतली कीटकनाशकं मारत असाल तर या आकड्यावर विसंबू नका. त्यांच्यासाठी आम्ही वही ठेवली आहे: कोणी, कोणतं औषध, किती वेळ मारलं आणि संध्याकाळी काय त्रास झाला. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि औषधाचं लेबल दोन्ही नेतो.