साडेदहाची टक्

आमच्या घरात रोज रात्री साडेदहाला एक टक् होते. पाल चुकचुकावी तेवढीच. पण ती झाली की स्वयंपाकघराच्या खिडकीतला स्कॅनर गप्प होतो, त्याचे लाल आकडे विझतात आणि ही सोफ्यावरून म्हणते, "सुटले."

स्कॅनर म्हणजे कागदाचा नव्हे, रेडिओचा. यात आपल्याला हवी ती चॅनेल्स भरून ठेवायची. मग तो रात्रीच्या गुरख्यासारखा एकेक दाराची कडी हलवत फिरतो. आत कुणी बोलत असेल तर थांबून ऐकवतो, बोलणं संपलं की पुढच्या दाराशी. गाणी नाहीत, बातम्या नाहीत, निवेदिका नाही. कामावरची माणसं एकमेकांशी चार शब्द बोलतात आणि ते आपल्या कानावर पडतात, एवढंच.

आम्ही राहतो शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलमध्ये. बीएनएसएफ या रेल्वे कंपनीची तीन रुळांची लाइन गावातून जाते. शिकागो ते ऑरोरा साडेसदतीस मैलांवर लोकल धावतात, त्यांच्या मधूनमधून मालगाड्या, आणि दुपारी दोनला शिकागोहून सुटणारी लांब पल्ल्याची गाडी कॅलिफोर्निया झेफिर अडीचच्या सुमारास आमच्या स्टेशनात येते. या सगळ्यांचं बोलणं १६० आणि १६१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. ड्रायव्हर नेपरव्हिलमध्ये, आणि त्याला उत्तर देणारा डिस्पॅचर, म्हणजे गाड्यांना वाट देणारा माणूस, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला. मधे आठेकशे मैल. तरी बोलणं असं की पलीकडच्या खोलीतून मीठ मागितल्यासारखं.

मी हे का ऐकतो याचं उत्तर दौंडात आहे. वडील तिथे असिस्टंट स्टेशन मास्तर होते. त्यांच्या टेबलावर कंट्रोलचा फोन असायचा आणि त्या फोनमध्ये सोलापूरचा कंट्रोलर. वडील घरात हळू बोलत, फोनवर मात्र ओरडत. सोलापूरपर्यंत आवाज पोचायचा तर ओरडायलाच हवं, असं मला लहानपणी वाटायचं. त्यामुळे गाडीचा नंबर, रुळाचा नंबर आणि वैतागलेला माणूस हे तिन्ही एकत्र कानावर आलं की मला आपोआप भूक लागते. शाळेतून येताना डबा घेऊन मी तिथेच जायचो ना.

दौंडात मात्र असलं यंत्र घरात ठेवता आलं नसतं. १९३३च्या वायरलेस कायद्याने तेव्हा भारतात विनापरवाना असं काही बाळगायची सोय नव्हती. आमच्या साध्या मर्फी रेडिओचंसुद्धा पासबुकासारखं लायसन्स होतं आणि वडील दरवर्षी पोस्टात जाऊन त्यावर तिकीट चिकटवून आणत. इथे इलिनॉयमध्ये घरात बसून ऐकायला कुणाची हरकत नाही. शेजारच्या इंडियानात गाडीत स्कॅनर ठेवायला मात्र बंधनं आहेत. शिकागोच्या पोलिसांनी अलीकडे आपलं बोलणं कुलूपबंद केलंय, त्यामुळे चोर-पोलिसांची मजा उरलेली नाही. मला त्याचं दुःख नाही. कुणाच्या घरातली भांडणं चहा पिता पिता ऐकताना मला नेहमीच चोरट्यासारखं वाटायचं. रेल्वेचं तसं नाही. ते आपलंच खातं.

तर, ती टक् म्हणजे स्मार्ट प्लग, मोबाइलवरून चालू-बंद होणारा. स्कॅनर रात्रंदिवस चालू राहायचा, आणि एकदा रात्री दोनला कुठल्याशा मालगाडीचे आस, म्हणजे चाकांचे दांडे, मोजून सांगणाऱ्या रुळाकाठच्या यंत्राचा आवाज हिच्या स्वप्नात शिरला. सकाळी फतवा निघाला. स्कॅनरचं बटण मागच्या बाजूला, खिडकीतल्या कोरफडीच्या कुंडीआड. रोज तिथे हात घालायचा कंटाळा म्हणून मी प्लग आणला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्लग, प्लगमध्ये स्कॅनरचा विटेएवढा ॲडॉप्टर, आणि मोबाइलवर वेळापत्रक. सकाळी साडेसहा ते साडेआठ, दुपारी झेफिरपुरता तासभर, रात्री आठ ते साडेदहा.

वीज वाचेल, असं हिला सांगितलं होतं. मग हिशेब केला. स्कॅनर दहा वॉट खातो. महिनाभर चोवीस तास चालला तरी सात युनिटं, म्हणजे साधारण एक डॉलर. प्लग तर स्वतः कधी झोपतच नाही. वायफायला कान लावून बसायचं म्हणून तोही वॉटभर ओढतो. हा हिशेब मी हिला दाखवलेला नाही.

हे सगळं जमलं ते माझा स्कॅनर जुना आहे म्हणून. एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या गराज सेलमध्ये पंधरा डॉलरला घेतलेला. याचं बटण खटका पडणारं आहे, खरंखुरं. एकदा चालू करून ठेवलं की वीज आली की जागा, गेली की झोपला. भरलेली चॅनेल्स विसरू नयेत म्हणून पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आहे. आमच्या एका मित्राने भारीतला नवा घेतला, त्यालाही प्लग लावला आणि वेळ झाली तरी यंत्र मुकाट. नव्या यंत्रांचं बटण नुसतं दाबायचं असतं. वीज मिळाली तरी कुणीतरी येऊन बोट लावेपर्यंत ती उठत नाहीत. शिवाय आतल्या कार्डावर काही लिहीत असताना एकदम वीज तोडली तर रुसतात ते वेगळंच. म्हणजे प्लग स्मार्ट हवा असेल तर त्याच्यापुढचं यंत्र बावळट हवं. लग्नाच्या बाबतीतही असं म्हणतात, पण तो विषय नको.

ॲपने प्लगला नाव विचारलं तेव्हा हिने 'कटकट' असं सुचवलं आणि मी ते टाकलं. मग बोलून चालू-बंद करायची हौस आली. आमच्याकडच्या बोलक्या डबीला कटकट हा शब्द झेपत नाही. तिला 'कॅट कॅट' ऐकू येतं आणि या घरात मांजराशी संबंधित कोणतंही उपकरण नाही, असं ती अदबीने कळवते.

एका गोष्टीला मात्र मी प्लग लावत नाही आणि कुणाला लावू देत नाही. तो म्हणजे हवामानाचा रेडिओ. २०२१ साली २० जूनच्या रात्री अकराच्या सुमारास आमच्या गावातून टोर्नेडो गेला. आमचं घर वाचलं, काही मैलांवरची छपरं गेली. आमच्याकडे वीज गेली आणि थोड्या वेळाने आली. घरातले दिवे आले, फ्रीज गुरगुरला, स्कॅनर मात्र ठार बंद. साडेदहाला प्लगने तो झोपवलाच होता, आणि वीज येऊनही प्लग तसाच बसून होता, कारण वीज परतल्यावर काय करायचं हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं आणि न सांगता तो करणार काय, तर काहीच नाही. वायफाय उठेपर्यंत मोबाइलवरून हलवताही येईना. तळघरात टॉर्च घेऊन बसलो होतो आणि ज्या रात्री ऐकायला हवं होतं नेमक्या त्या रात्री माझी खिडकी मुकी. दुसऱ्या आठवड्यात हवामानाचा रेडिओ घेतला. त्यात १६२.५५० मेगाहर्ट्झ लावले आणि आमच्या ड्यूपेज काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, आकडा ०१७०४३ भरला. आपल्या काउंटीवर संकट असेल तरच तो भोंगा वाजवतो. भिंतीतून थेट वीज, पोटात बॅटऱ्या, आणि त्याच्या वायरीला हात लावायचा नाही असं चिठ्ठीवर मराठीत लिहून ठेवलंय. बुधवारी त्याची चाचणी होते, तेव्हा हीसुद्धा काही बोलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिला इंग्रजी येत नाही. टीव्हीवरच्या मालिका बघून झाल्या की ती स्वयंपाकघरात लसूण सोलत बसायची, स्कॅनरच्या शेजारी. मला वाटायचं, तिला त्या खरखरीचा त्रास होत असेल. तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "हा कंट्रोलवाला आज कावलाय." मी कान दिला. फोर्ट वर्थचा माणूस खरोखर कावला होता. शब्द कळत नसून आईला सगळं कळत होतं. गाडी कधी अडली, कधी सुटली, ड्रायव्हर नवा आहे की मुरलेला. चाळीस वर्षं स्टेशनाच्या आवारात काढलेली बाई ती.

एका रात्री एक मालगाडी आमच्या पश्चिमेला थांबली. रुळाकाठच्या यंत्राने तिचा एक आस गरम असल्याचं सांगितलं होतं, कितवा तेही मोजून. मी आईला सांगायला गेलो तर तीच म्हणाली, "हॉट ॲक्सल का?" हॉट आणि ॲक्सल हे शब्द दौंडात जसे, तसेच इथे कानावर पडले होते. आता कंडक्टर, म्हणजे आपला गार्ड, बॅटरी घेऊन गाडीच्या कडेने चालत निघाला होता. डबे मोजत, अंधारात, दोनेक किलोमीटर. मधूनमधून त्याचा धापा टाकणारा आवाज येई, ड्रायव्हर हं म्हणे, आणि पुन्हा शांतता. आईच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली होती.

टक्.

"बंद का केलास?"

"मी नाही गं. प्लगने केला. साडेदहा वाजले."

"साडेदहा वाजले म्हणून काय झालं? तो अजून चालतोय ना?"

सोफ्यावरून 'सुटले' ऐकू येईल म्हणून मी वाट पाहिली. आलं नाही. ही दारात येऊन उभी होती.

मोबाइल वरच्या मजल्यावर चार्जिंगला. डबीला हाक मारली, तिने मांजर नसल्याचं कळवलं. शेवटी कोरफडीची कुंडी बाजूला सरकवली, काटे लागले, आणि भिंतीजवळ हात घालून प्लगच्या कुशीतलं ते इवलंसं बटण चाचपून दाबलं. लाल आकडे पळायला लागले. आम्ही तिघं उभेच.

बराच वेळ काही नाही. मग गार्डचा आवाज आला. दम लागलेला होता, पण शांत.

"पोचला," आई म्हणाली आणि पाकळी सोलायला घेतली.